क्रेनवाल्याची मूठ

"पेरलं ते पेरलं, माती नको उकरू,
उगवेल तेव्हा उगवेल, घाई नको करू."

इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी पिळताना आई हे म्हणायची. गळा काही गोड नव्हता, वाफेनं बसलेला. पण चादरीला पीळ बसायचा तसा ओळीला ठेका बसायचा. त्या चादरींच्या ढिगाऱ्यावर खेळत वाढलेला तिचा मुलगा आता चर्चचा पाळक होता, आणि चाळीस वर्षांमागचा तो बसका आवाज आज त्याच्या मागोमाग पायऱ्या चढत होता. आजच नेमका तो नको होता.

खाली शुश्रूषागृहाची पांढरी गाडी उभी होती. पाचला येणार होती, चारलाच आली होती.

"गुरुवार आला!" तळमजल्यावरच्या न्हाव्यानं टॉवेल झटकत हाळी दिली. नऊ वर्षांत या गल्लीनं त्याला हेच नाव दिलं होतं. "अहो गुरुवार, एखादा आठवडा दांडी मारा की. देव काय पगार कापतोय?"

एरवी पाळकानं काहीतरी परत फेकलं असतं. आज तो नुसता हसला, आणि ते हसू दुसऱ्या मजल्यापर्यंतही पुरलं नाही.

दार मुलीनं उघडलं. कमरेला डॉक्टरनं दिलेला रुंद पट्टा, गळ्यात माप घ्यायची टेप. खोली एकच. एका भिंतीशी तिचं शिलाई मशीन, सुईखाली अर्धी शिवलेली कॉलर. दुसऱ्या भिंतीशी खाट. खाटेवर तिचे वडील, एकेकाळचे क्रेनवाले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं वजन अलगद उचलून अलगद ठेवलं, त्यांना नऊ वर्षं ही मुलगी उचलत होती. त्यासाठी जाड कापडाचा पट्टा तिनं स्वतः शिवला होता, त्यांच्या क्रेनला असायचा तसा. अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापासून म्हातारा बोलला नव्हता. डोळे तेवढे उघडे, छताकडे.

पाळकाची रीत ठरलेली. दर गुरुवारी चार वाजता यायचं. स्टुलावर बसून आपलं बोट म्हाताऱ्याच्या उजव्या मुठीत सरकवायचं. एक स्तोत्र वाचायचं. मग म्हणायचं, "ऐकू येत असेल तर बोट दाबा," आणि एका प्रार्थनेइतका वेळ थांबायचं. मग आमेन. निघताना दारात मुलगी विचारायची, "आज?" तो म्हणायचा, "आज नाही."

एकदाच त्याचं उत्तर वेगळं होतं. पहिलंच वर्ष. पाळकांच्या वार्षिक सभेत जो तो उठून आपापलं पीक सांगत होता. कुणाच्या चर्चची मंडळी दुप्पट झालेली, कुणाच्या गावात दारूचा गुत्ता बंद पडलेला. याच्या मंडळीत सात म्हाताऱ्या, त्यातल्या दोन बहिऱ्या. पाळी आली तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "एका मुक्या माणसानं स्तोत्र ऐकून माझं बोट दाबलं." सभागृहात कुणीतरी रडलं. चर्चच्या मासिकानं ते छापलं. मुलीनं ते पान कापून, फ्रेम करून खाटेच्या वर लावलं. ते अजून तिथंच होतं. कागद पिवळा पडला होता, काच मात्र रोज पुसलेली.

"या, बसा पाळकसाहेब," मशीनपाशी उभा असलेला तिचा भाऊ म्हणाला. तो मेकॅनिक. नखांतलं ऑइल धुऊनही न गेलेलं. "बरं झालं आलात. तुमच्याशिवाय पान हलत नाही या घरात."

"तू गप रे," मुलगी म्हणाली.

"का गप? ताई, डॉक्टर काय म्हणाला ते तू सांगतेस की मी सांगू? अजून एकदा बाबांना उचललंस तर मणका गेला समज. मग दोन खाटा टाकायच्या, आणि मी एकदा या खाटेला, एकदा त्या खाटेला! तिकडे उचलायला चार माणसं आहेत."

"तिकडे ते नुसतं अंथरूण होतील. इथे ते माणूस आहेत. बोट दाबलंय त्यांनी. आज ना उद्या..."

"दाबलं, दाबलं!" त्याचा आवाज फाटला. "नऊ वर्षं तेच! मी दर रविवारी येतो, तू चहा टाकायला वळलीस की माझं बोट देतो त्यांच्या हातात. सांगितलं नाही कधी. मी पोटचा ना? मग माझं का नाही दाबलं कधी?"

टेप मुलीच्या बोटांभोवती गुंडाळली जात होती, सुटत होती, पुन्हा गुंडाळली जात होती.

हे पाळकाला माहीत नव्हतं. आपल्या एका वाक्यानं ही मुलगी खाटेला बांधली गेली, एवढं तो जाणून होता. पण हा दांडगट माणूस चोरून बोट पुढे करत होता, आणि दर रविवारी रिकामा परतत होता, आपण बापाला नकोसे आहोत असं समजून.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," मेकॅनिक आता हळू बोलत होता. "आज उघडूनच टाकू. तुम्ही खोटं बोलायचे नाहीत. बाबांच्या उशाशी उभं राहून एवढंच सांगा, त्या दिवशी त्यांनी बोट दाबलं होतं. हो म्हणा, मी गाडी परत पाठवतो. पुन्हा नाव काढणार नाही."

"सांगा ना," मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर एवढा भरवसा होता की पाळकानं नजर फ्रेमकडे वळवली, आणि तिथंही त्याला टिकता आलं नाही.

"आधी स्तोत्र वाचू द्या," तो म्हणाला.

बोट मुठीत गेलं. तळवा कोमट, कोरडा. क्रेनचे दांडे धरून पडलेले घट्टे नऊ वर्षांत लोण्यासारखे मऊ झालेले. त्यानं वाचलं. "ऐकू येत असेल तर बोट दाबा."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. कुणीच हललं नाही.

दाब रे बाबा, पाळक मनात म्हणत होता. आज दाब. एकदाच. नऊ वर्षांचं खोटं एका क्षणात खरं होऊन जाईल.

बोटाच्या टोकाशी काहीतरी उडलं. पुन्हा उडलं. ते ठोके त्यानं ओळखले. ही त्याचीच नाडी. त्या दिवशीही हीच होती. आणि तेव्हा, उत्तर मिळाल्याच्या मोहात, त्यानं आपल्या हातानं ती मूठ बाहेरून आवळली होती.

माती नको उकरू, आई म्हणाली होती. उकरली असती तरी परवडलं असतं. त्यानं तर दुसरीकडून फांदी तोडून आणून रोवली होती, आणि उगवलं उगवलं म्हणून गावभर सांगितलं होतं.

पहिलं वर्ष तो पिकासाठी आला. पुढची काही वर्षं लाजेनं. मग कधीतरी लाजही झिजून गेली. आता तो फक्त यायचा, कारण गुरुवार असायचा आणि हा माणूस इथे असायचा. एवढंच त्याच्याजवळ होतं. आणि एवढं मात्र खरं होतं.

"आमेन," तो म्हणाला. बोट मात्र त्यानं काढलं नाही.

"आज?" मुलीनं विचारलं.

"आज नाही." मग तो मेकॅनिककडे वळला. "तिकडे गुरुवारी चारला भेटू देतात का?"

मेकॅनिक गोंधळला. "देतात... कधीही देतात. पण तुम्ही..."

"असं काय विचारताय?" मुलगी पुढे आली. टेप जमिनीवर पडली. "गाडी खाली उभी आहे. हो म्हणा ना, पाळकसाहेब. त्या दिवशी दाबलं होतं म्हणा."

पाळक उठला. फ्रेम त्याच्या तोंडासमोर आली. काचेत त्याला मागची दोघं भावंडं दिसली, शेजारी शेजारी, वाट बघत. तो त्यांच्याकडे वळला.

"त्या दिवशीही नाही, ताई. बाबांनी कुणाचंच बोट कधी दाबलं नाही. त्या दिवशी त्यांची मूठ मी आवळली होती."