आजोबांच्या फोटोला हार

मैनुद्दीन शेखनं उमेदीची सगळी वर्षं टीव्ही मालिकांत हवालदार, शिपाई, वकिलाचा कारकून अशी दोन-चार वाक्यांची कामं केली. साठीनंतर त्याला एका मालिकेत आजोबांची मोठी भूमिका मिळाली आणि सोलापुरात लोक त्याला ओळखू लागले. तेवढ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि तो मुंबईहून सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या घरी परतला. "बरे होऊन या, तुमची जागा राखून ठेवतो," असं निर्माते म्हणाले होते. त्या भरवशावर तो रोज बायको झीनतसमोर जड जिभेनं जुने संवाद म्हणायचा.

एका संध्याकाळी दोघं मालिका बघत होते. पडद्यावर आजोबांच्या फोटोला हार घातलेला होता आणि सून रडत होती. त्याला कुणीच कळवलं नव्हतं.

झीनतनं घाईनं टीव्ही बंद केला. "दुसरं काम मिळंल की," ती म्हणाली.

"मरायचा सीन तरी... मला करू द्यायचा की," तो अडखळत म्हणाला. इतक्या वर्षांत तसा सीन त्याला कधी मिळाला नव्हता.

झीनत त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसायला वाकली. त्यानं तिचा हात बाजूला सारला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.