देवीचं अंडं

"उडालं! उडालं!" खळ्यावर जमलेली शंभरेक माणसं एकदम ओरडली आणि धोंडीबाई मटकन खाली बसून रडायला लागली. ती सुटली होती. चंदू भगताने तिच्या नावाने खडकावर टाकलेलं पिवळट पांढरं अंडं टणकन उडून परत त्याच्या हातात आलं होतं. म्हणजे धोंडीबाई भुताळी, माणसं खाणारी चेटकीण, नव्हती.

खोडाळ्याहून दोन डोंगर आत असलेल्या करंजपाड्यावर आठ दिवस या अंड्याचीच चर्चा होती. बाकीचे भगत सुपात तांदूळ टाकून बघतात. चंदू म्हणायचा, तांदूळ फसवतात, अंडं फसवत नाही. चार वर्षं ठाण्याकडे मजुरी करून तो परतला, तो हे अंडं घेऊनच. अंड्यावर सगळीकडे बारीक खळगे होते. जुन्या माणसांनी ते बघितले आणि हात जोडले. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडावर असेच वण राहतात, तेव्हा हे देवीचंच अंडं, दुसऱ्या कोणाचं असणार? या एका शब्दावर चंदूचं अर्धं दुकान उभं होतं. उरलेलं अर्धं तोंडाच्या जोरावर.

"देवीनं घातलं, नागानं उबवलं!" तो घुमत घुमत सांगत होता. "पाप्याचा वास आला का जागच्या जागी मरतं!"

देवीने घालावं आणि नागाने उबवावं, हा संसार जमला कसा, हे त्याला कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखी कोणाची मनःस्थितीही नव्हती. देवरामचा पाच वर्षांचा नातू तापाने गेला होता, आणि तो कोणी खाल्ला हे आज ठरायचं होतं.

रविना सकाळीच ठाण्याहून आली होती. पोर गेल्याचं कळलं म्हणून भेटायला आली, तर खळ्यावर हा प्रकार. गर्दीच्या मागून तिला ते अंडं नीट दिसत नव्हतं, पण त्याचा टणकन येणारा आवाज ओळखीचा वाटत होता. ती माणसं बाजूला सारत पुढे निघाली, तेवढ्यात चंदूने पुढचं नाव घेतलं.

"फागी!"

फागी म्हणजे रविनाची आई. दोन बायकांनी दंडाला धरून तिला पुढे ओढलं. चंदूने पंच्याने हात पुसले, डोळे फिरवले आणि अंडं सोडलं.

थप्प.

ओल्या शेणाचा गोळा पडावा तसं ते पडलं आणि तिथेच राहिलं.

पहिला दगड उचलला तो धोंडीबाईने. मघाशी वाचलेला जीव पुन्हा कोणी मागू नये म्हणून असेल. दगड फागीच्या गालावर बसला. मग देवरामची काठी तिच्या कपाळावर उतरली. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत गेलं. तिला केसांना धरून आडवी पाडली आणि काठ्या, लाथा, दगड, ज्याच्या हाताला जे आलं ते सुरू झालं. "ओकून टाक! माझा नातू ओकून टाक!" देवराम रडत होता आणि मारत होता. फागीचे दोन दात खळ्यावर पडले. सावळा नावाचा तिचा चुलत दीर कोयता घेऊन पुढे सरकला.

"आये!" रविना आईच्या अंगावर पालथी पडली. एक काठी तिच्या मनगटावर बसली आणि आतलं हाड मोडल्याचं तिला कळलं. तोंड जमिनीला लागलेलं. डोळ्यांपुढे हातभर अंतरावर ते अंडं.

पिवळं पडलेलं, साल निघालेलं, घासून पुसट केलेला तीनचा आकडा.

गोल्फचा बॉल!

सहा वर्षं ती ठाण्याकडच्या एका गोल्फच्या मैदानावर गवत काढत होती. तळ्यातून काढलेले जुने बॉल निवडायचं कामही तिच्याकडेच. जुना बॉल खेळायला चालेल की नाही, हा साहेब लोकांचा रोजचा वाद. मुकादमाने तिला सोपी परीक्षा शिकवली होती. खांद्याच्या उंचीवरून सिमेंटवर सोडायचा. चांगला उडाला तर खेळायच्या खोक्यात, नाही तर बाजूला. असे हजारो बॉल तिने सोडून बघितले होते. वर्षानुवर्षं चिखलात पडलेले, तडकलेले, पिवळे धम्मक. बॉल म्हातारा होतो, थोडा लंगडतो, पण खडकावर पडून असं मढं कधी होत नाही. याच्या पोटात कोणीतरी काहीतरी केलं होतं.

तिने दुसऱ्या, धड हाताने बॉल झडपला आणि ती उठून उभी राहिली.

"देवराम काका, आता तुमचे नावानं टाकते!"

थप्प.

काठ्या थांबल्या. तिने वाकून बॉल पुन्हा उचलला.

"आन हा भगताचे नावानं!"

थप्प.

"विटाळ झाला! बाईचा हात लागला!" चंदूने तिच्या पोटात लाथ घातली. ती कोलमडली. पण दर वेळी अंडं टाकण्याआधी चंदू पंच्याला हात पुसतो, हे सावळ्याला आठवलं. त्याने चंदूचा कमरेचा पंचा धरून हिसडला. पंचा सुटला आणि त्यातून दुसरा बॉल निघाला. खडकावर आपटून तो टण टण करत खळ्याच्या कडेपर्यंत गेला. कोणी कोणाचं नाव घेतलं नव्हतं, तरी उडत होता.

"दोन्ही फोडा," रविना पोट धरून म्हणाली.

सावळ्याने कोयत्याने आधी उडणारा फोडला. आत घट्ट रबर. मग मेलेला. तो मधोमध कापून पुन्हा चिकटवलेला होता. रबर कोरून काढलं होतं आणि त्या जागी ओली माती ठासून भरली होती. मातीत मासे धरायच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी. ज्या बाईला सोडायचं तिच्यासाठी पहिला, जिला मारायचं तिच्यासाठी दुसरा. पंच्याला हात पुसताना अदलाबदल. एवढीच देवी.

मग सगळं पुन्हा सुरू झालं, फक्त आता खाली चंदू होता. त्याचं नाक फुटलं. सावळ्याने कोयता उगारला.

"थांबा!" रविना इतकी किंचाळली की तिचा आवाज चिरकला. "मघाशी याचं ऐकून मारत होतात, आता माझं ऐकून मारताय! मी खोटी असते तर? कोणावर हात टाकायचे आधी एकदा तरी बघणार का नाय? बांधा त्याला. पोलीस बघतील, त्याचा कायदा हाय."

कोयता खाली आला. चंदूला त्याच्याच पंच्याने बांधलं.

देवराम मात्र तिथेच उभा होता. काठीला रक्त, हातांना रक्त.

"मंग माझा पोर कशानं मेला?" त्याने विचारलं.

"तापानं, काका. आयेनंच मला सांगितलं, ती तुमचे दारात येऊन बोलली होती, जव्हारला दवाखान्यात न्या. या भगतानं तीन दिवस अंगारा लावून ठेवला. पोर गेल्यावर लोक विचारतील ना याला? म्हणून आयेचं नाव काढलं." रविनाचा श्वास पुरेना. "पोर तर गेलं. आता ही मरतेय. हिला दवाखान्यात न्यायची, का आणखी कोणाला विचारून बघायचं?"

देवरामने काठी टाकली. मग खाली बसून त्याने फागीला दोन्ही हातांवर उचललं आणि जीपच्या रस्त्याला लागला. चालताना तो तिला सारखा हाका मारत होता.

फागी जगली. डावा डोळा गेला. तिला दवाखान्यात सोडून देवराम पोलिसांत गेला. मारणारं कोण कोण, असं विचारल्यावर पहिलं नाव त्याने स्वतःचं सांगितलं.