मामासोबत नावेत

हॉलंडला शिकायला गेल्यापासून माझ्या डोक्यात शिडाच्या बोटीचं खूळ शिरलं होतं. कॉलेजच्या क्लबात वर्षभर पाण्यात पडत-उठत मी ते शिकले. जुलै-ऑगस्टची उन्हाळी सुट्टी जवळ आली तशी वर्गातली पोरं आपापल्या काका-मावश्यांसोबत ग्रीसच्या समुद्रात बोटी घेऊन जायचे बेत करू लागली. तू कुठे, असं कुणीतरी मला विचारलं. मी म्हटलं, मीपण बोटीवरच, मामासोबत. समुद्र नाही तर नाही, रोहिणखेडला मामाच्या शेताजवळ नळगंगेचं धरण आहे की!

भगवानमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बाबा गेल्यावर आम्हा मायलेकींच्या पाठीशी तोच उभा राहिला. त्याच्यासमोर नुसतं 'असं करता येतं' म्हटलं तरी तो कामाला लागतो. व्हिडिओ कॉलवर मी त्याला शिडाचं चित्र दाखवलं आणि माझ्या परीक्षेचे बारा वाजले. अभ्यासाला बसलं की फोन, "सुचिता, हा बांबू पाह्य बरं, चालन का?" सोयाबीन झाकायची ताडपत्री कापून, पोती शिवायचं दाभण घेऊन त्याने शीड स्वतः शिवलं. ताडपत्री नवी कोरी होती, म्हणून मामीने त्याच्याशी अबोला धरला. नाव मिळाली इंद्रभानची. तो धरणावर मासे धरतो आणि मामाचा जुना दोस्त आहे.

श्रावणात मी आणि आई डोणगावहून तिकडे पोचलो तेव्हा धरण तुडुंब भरलं होतं आणि वाराही मनासारखा सुटला होता. मामाने लाइफ जॅकेट चढवलं आणि लग्नातल्या नवरदेवासारखा तो नावेकडे निघाला. तेवढ्यात आई आडवी आली.

"तू नको बसू, भगवान. मामा-भाचे एका नावेत बसत नसतात."

मला हसूच आलं. हे मी लहानपणी ऐकलं होतं, पण आमच्याकडे नावेत बसायची वेळच कुणावर येत नसे.

"पण मी भाचा कुठं आहे? मी तर भाची आहे," मी म्हटलं.

मामाने ते उचलून धरलं. "हाव ना ताई, भाचीचं कोणी काही सांगितलं नाही."

"पोरगा-पोरगी सारखेच म्हणून धाडलं ना इले परदेशात?" आई म्हणाली. "मंग नियमबी सारखाच."

वर्गात मी भल्याभल्यांची बोलती बंद केली आहे, पण माझंच म्हणणं घेऊन मला चीत करणारी आमची आईच.

मग मामाऐवजी त्याचा मुलगा गणेश बसला. मी मागे वल्हं धरून दिशा सांभाळत होते, त्याच्या हातात शिडाची दोरी. ताडपत्री फाडकन फुगली, नाव सरसर निघाली आणि गणेश आनंदाने असा ओरडला की काठावरच्या बकऱ्या पळाल्या. जाताना वारा होता, येताना मात्र गणेशचे हात. सपाट बुडाची ती नाव वाऱ्याच्या उलट जायला तयारच होईना. वल्हवून-वल्हवून गणेश घामाघूम झाला.

मामा गुडघाभर पाण्यात उभा राहून आमची वाट पाहत होता. आल्या आल्या त्याने विचारलं, "मधातून आपलं वावर कसं दिसते बे?"

"वावरासारखं," गणेश म्हणाला.

मामाचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर त्याने त्या काठावर पेरलं, मोटर लावून त्या धरणाचं पाणी घेतलं, पण पाण्यावरून आपलं शेत कधी पाहिलं नव्हतं. शीड शिवलं त्याने आणि मजा केली आम्ही. मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि राग आला की मी प्रश्न विचारत सुटते. एवढा नियम आहे तर त्याला काहीतरी कारण असणारच!

संध्याकाळी मामीला विचारलं. ती म्हणाली, अपशकुन असतो. कसला? "अपशकुनाचा," मामी म्हणाली आणि भाकरी थापू लागली. शेजारच्या बेबीताईंनी वर सांगितलं की विजा कडकडत असल्या तर मामा-भाच्यांनी एका छपराखालीही थांबू नये. म्हणजे एका नियमाचे दोन झाले आणि कारण एकाचंही नाही. सकाळी इंद्रभानला गाठलं. तो जाळं झटकत म्हणाला, "आम्ही बसवतच नाही. माह्या बापानंबी नाही बसवले. काऊन ते नाही विचारलं. बापाले विचाराची सोय होती का?"

उरली आई. तिच्याकडे कारण असेल असं मला वाटलंच नव्हतं, म्हणून तिला शेवटी ठेवलं होतं. आमचा तिथला तो अखेरचा दिवस होता, दोन दिवसांनी माझं विमान. आई काठावरच्या दगडावर बसली होती आणि मामा उगाचच शिडाच्या दोऱ्या ओढून पाहत होता. पलीकडे इंद्रभान जाळं आवरत होता.

"आई, खरं सांग. काऊन नाही बसायचं?"

तिने आधी मामाकडे पाहिलं.

"माय-बाप गेले. माहेर म्हणून मले हा एक भगवान, आन् लेकरू म्हणून तू एक. नाव बुडाली तं मी कोणासाठी रडू? भाऊ भाऊ करू का लेकरू लेकरू करू? ज्यानं कोणी हे ठरवलं ना, त्याले बहीण असीन."

माझे डोळे भरून आले. हा नियम काठावर थांबणाऱ्या बाईच्या काळजीने कुणीतरी केला होता, आणि मी त्याच बाईला सोडून साऱ्या गावाला विचारत हिंडले होते. मला माझीच लाज वाटली.

"राहू दे मामा," मी म्हटलं. "गणेशलाच बोलाव."

"हाव हाव. मी हाय ना इथंच," मामा लगेच म्हणाला. पण शिडावरचा हात काही त्याने काढला नाही. आईला ते दिसलं.

ती उठली आणि पदर खोचला.

"गणेशचं जाकीट मले दे."

"तुले?" मामा म्हणाला. "ताई, तू तं हौदाले भेते!"

"भेतेच," आई पाण्यात पाय टाकत म्हणाली. "पण इले विमानात बसवलं तवा मी काचेच्या भायेर उभी होती. तिचा फोन येईलोक पोटात पाण्याचा थेंब नव्हता माह्या. आता तुम्ही दोघं पाण्यात आन् मी पुन्हा काठावर? मी नाही उभी राहत. जे व्हाचं ते तिघांचं होऊ दे."

मामाने तिला हात देऊन वर घेतलं. ती आमच्या दोघांच्या मधे बसली, एका हाताने माझं मनगट धरलं, दुसऱ्याने मामाचं. इतकं घट्ट, की मला वल्हं धरायला एकच हात उरला आणि मामाला शिडाची दोरी दातात धरावी लागली.

इंद्रभानने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता नाव ढकलली.