लॅपविंगचा पत्रा

माझा भाऊ रोलंड खोटं बोलतो हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण तो माझ्या नावावर खोटं बोलेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मला ते कळलं एका लिंबाच्या केकमुळे. एप्रिल महिना होता. हेक्सलीला कालव्याकाठी असलेल्या आमच्या बोटदुरुस्तीच्या यार्डात एक बोट कोरड्या गोदीत घेतली होती आणि मी तिच्या पोटाशी उकिडवी बसून डांबर लावत होते. बोटींच्या तळाचं काम आमच्याकडे मीच बघते. शेवाळ खरवडायचं, गंज काढायचा, हातोड्याने पत्रा ठोकून त्याचा आवाज ऐकायचा, मग डांबराचे हात द्यायचे. वरून कुणीतरी हाक मारली. पाहिलं तर चाळिशीची एक बाई, अंगात बसड्रायव्हरचा निळा कोट, हातात केकचा डबा.

"मर्ल तुम्हीच ना? मी टॅमसिन. तुमच्या भावाची 'लॅपविंग' बोट मी घेतली."

"लॅपविंग? विकली त्याने?"

"मागच्याच महिन्यात. तुम्हाला सांगितलं नाही?" ती हसली. "आभार मानायला आलेय. मी तपासनीस ठरवला होता, पण रोलंड म्हणाले, कशाला उगाच खर्चात पडता, माझ्या बहिणीने अख्खा तळ ठोकून पाहिलाय. मी कालव्यावर चौकशी केली. सगळे म्हणाले, मर्लने पाहिलं असेल तर डोळे मिटून घे. घेतली मग."

माझ्या ब्रशवरून डांबर ठिबकत राहिलं. लॅपविंगचा तळ मी शेवटचा पाहिला त्याला कितीतरी वर्षं लोटली होती. तेव्हाच मी रोलंडला बजावलं होतं, मागच्या खोलीखालचा पत्रा पापडासारखा झालाय, यंदाच्या यंदा वरून नवा पत्रा चढव. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मग त्याने बोट दुसऱ्या धक्क्यावर नेली. विचारलं की म्हणायचा, "केलं गं तिकडे, तू नको काळजी करू."

"तळात पाणी येतं का?" मी विचारलं.

"थोडं येत असेल. पंप आपोआप चालू होतो ना. आज सकाळपासून जरा जास्तच चालतोय. म्हटलं, आईने अंघोळीला पाणी सोडलं असेल."

"बोट कुठे आहे?"

"खालच्या लॉकच्या पाणदारांपाशी, नळावर पाणी भरायला लावलीय. आई आहे बोटीवर, आम्ही तिथेच राहतो."

मी ब्रश फेकला आणि शिडी चढले. "गेथिन! छोटी बोट काढ, दोर घे!" यार्डातल्या गेथिनला ओरडून सांगितलं, पाचरींची पेटी उचलली आणि काठाच्या वाटेने पळत सुटले. टॅमसिन मागून धावत विचारत होती, काय झालं, काय झालं. तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या, आणि त्या तिच्या वाट्याच्या नव्हत्या.

लॉकच्या वळणावर लॅपविंग दिसली. नाक वर, शेपूट खाली. मागच्या बाजूला इंजिनाला हवा जाण्यासाठी जाळी असते, पाणी तिच्या खाली जेमतेम दोन बोटांवर आलं होतं. पाणी त्या जाळीला लागलं की बोट वाचत नाही. मग ती आपल्या वजनानेच पाणी पिते आणि मिनिटभरात तळाला बसते.

मागच्या खोलीत टॅमसिनची आई, एडना, पाय बिछान्यावर घेऊन विणत बसली होती. खाली घोटाभर पाणी. तिच्या सपाता दाराशी तरंगत होत्या.

"आजीबाई, उठा! बाहेर चला!"

"ही ओळ पुरी होऊ दे."

"आई!" टॅमसिन किंचाळली. "पंप का चालत नाहीये?"

"मीच बंद केला. सारखी घरघर, घरघर. डोकं उठलं माझं."

पायऱ्यांपाशी खटके होते. मी पंपाचा खटका वर केला. घरघर सुरू झाली. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. टॅमसिनने आईला काखेत धरून उचललं. म्हातारी लोकर सोडायला तयार नव्हती, ती लोकरीसकट काठावर गेली.

मी बिछाना उलटा केला, खालच्या फळ्या उपसल्या. वजनासाठी ठेवलेल्या विटा एकेक करून बाहेर टाकल्या आणि पालथी पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी बर्फासारखं होतं. बोटांनी पत्रा चाचपत गेले. एका जागी धार हाताला लागली, आणि तिच्या कडेला काहीतरी गुळगुळीत. नखाने उचकटलं तर पोपडा हातात आला. वर काढून पाहिला. गंज नव्हता तो, लांबी होती. गाड्यांचे पोचे बुजवायला भरतात ती लांबी! भोकात आतून लांबी भरून, घासून, वरून रंग मारला होता. सफाईने. नवख्याचं काम नव्हतं ते.

तिथेच, पाण्यात पडल्या पडल्या, माझं डोकं फिरलं. कारण रोलंड काही अडाणी नाही. तो वेल्डर आहे, आमच्याच गोदीत शिकलेला. त्याच्याइतका सरळ टाका ओढणारा माणूस या कालव्यावर झाला नाही. चांगला पत्रा कापून चढवणं त्याच्या डाव्या हातचा मळ होता. बोटींची दलाली करायला लागला आणि हात काळे करायची त्याला लाज वाटू लागली, एवढंच.

फडक्याला ग्रीस फासून ते भोकात कोंबलं, वर लाकडी पाचर ठोकली आणि ती निसटू नये म्हणून छतापासून एक दांडकं तिरकं दाबून बसवलं. धार थांबली. गेथिन छोटी बोट घेऊन आला तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. दुपारपर्यंत लॅपविंग ओढत आणून शेजारच्या दुसऱ्या गोदीत घेतली, दार बंद केलं, आतलं पाणी काढलं. मग रोलंडला फोन लावला.

"ये," म्हटलं. "आत्ता."

"मर्ल, माझं एक गिऱ्हाईक..."

"ये, नाहीतर मी तुझ्या गिऱ्हाइकाकडे येते."

तो आला तेव्हा अंगात फिकट रंगाचा कोट होता. गोदीच्या काठावर आम्ही सगळे होतो. एडनाला गेथिनने खुर्ची दिली होती, मांडीवर ओली लोकर. रोलंडने आधी बोट पाहिली, मग मला, आणि लगेच हसू चढवलं.

"अरेच्चा! काय झालं? कुठे दगडाला लागली का?"

मी लांबीचा पोपडा त्याच्या पुढ्यात धरला. "हे काय आहे?"

"जुन्या बोटीला असं काहीबाही असतंच."

"कुणी भरलं?"

"आता मला काय माहीत..."

"रोलंड, तुझा हात मी ओळखते."

त्याने कोटाची बटणं लावली. "हे बघ, बोट जुनी आहे. जुना पत्रा गंजणारच. घेणाऱ्याने बघून घ्यायचं असतं."

"ती बघणार होती! तू तिला बघू दिलं नाहीस. माझं नाव सांगितलंस."

"तुझं नाव म्हणजे काय, राणीचा शिक्का आहे?"

"हो!" मी ओरडले. कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. "या कालव्यावर तोच आहे! थंडीत, चिखलात, गुडघ्यांची चाळण करून कमावलाय मी तो. तुझ्या बापाने दिला नाही आणि तूही नाही. आणि तू तो एका लांबीच्या डब्यासाठी विकलास?"

"माझा बाप तो तुझाही बाप," तो पुटपुटला.

मी खाली उतरले. हातोडा घेतला, पाचरीपासून हातभर अंतरावर पत्र्यावर मारला. फार जोर नव्हता लावला. हातोडा सरळ आत गेला आणि अडकला. गुत्त्यापाशी कुणीतरी शीळ घातली.

"माझी उशी तिथेच असते," एडना म्हणाली.

टॅमसिन रोलंडच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने.

"मी रोज सत्तर माणसं घेऊन बस चालवते. ब्रेक खराब असला आणि मला माहीत असलं, तर मी डेपोतून गाडी काढत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या बोटी थोड्याफार गळतात हो..."

"माहीत होतं?"

रोलंडने खाली पाहिलं. मग कोटावरचा नसलेला डाग झटकत तो गाडीकडे गेला. मी मागे गेले नाही. गेले असते तर हात उचलला असता.

त्या संध्याकाळी मी गुत्त्यात गेले. सगळे ओळखीचे, बोटीवर राहणारे. मी सरळ सांगितलं, लॅपविंग मी तपासली नव्हती, माझा भाऊ खोटं बोलला, आणि त्याने मध्ये पडून आणखी कुणाला बोट विकली असेल तर ती माझ्याकडे आणा, मी फुकट ठोकून बघते. सख्ख्या भावाविषयी असं चारचौघांत सांगणं सोपं नसतं. पण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी यार्ड उघडायला गेले तर रोलंड दारात उभा. जुना, भाजून भोकं पडलेला डगला घातलेला, काखेत वेल्डिंगचा मुखवटा.

"पत्रा मी चढवतो," तो म्हणाला. "माल माझ्या पैशाचा. बोलू नकोस काही."

खरं सांगते, मला भरून आलं. त्या डगल्यात तो पुन्हा माझा भाऊ दिसत होता, ज्याच्याबरोबर मी याच गोदीत पोरवयात पत्रे धरले होते. मी कुलूप काढलं. त्याने आत येऊन पत्र्यावर हात फिरवला, खडूने खूण केली, जनित्राकडे वळला. तेवढ्यात टॅमसिन कामाला जाण्याआधी बोट बघायला आली.

"हा माणूस इथे काय करतोय?"

"पत्रा चढवायला आलाय," मी म्हटलं. "काम उत्तम करतो तो. माझा..." 'माझा शब्द' म्हणणार होते. तिथेच थांबले.

"नाही," टॅमसिन म्हणाली. "खर्च यांनी करावा. नाही केला तर मी वकील बघेन. पण माझ्या बोटीला यांचा हात लागता कामा नये. माझी आई झोपते तिथे."

रोलंडने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी चोरी पकडली गेली की असाच बघायचा, मी मध्ये पडेन म्हणून. आणि मी नेहमी पडायचेच.

"ऐकलंस ना," मी म्हटलं. "जा घरी."

"मर्ल, अगं, मी करतोय ना दुरुस्त!"

"बोट तिची आहे. जा."

त्याने मुखवटा जमिनीवर आपटला. काच फुटली. "स्वतःच्या रक्ताला कुत्र्यासारखं हाकलतेस? लोकांपुढे?"

"काम करायचंच होतं तर विकायच्या आधी करायचंस," मी म्हटलं. "तेव्हा मी स्वतः पत्रा धरला असता."

तो गेला. काचा मी झाडल्या. पत्रा गेथिनने चढवला. त्याला रोलंडची सफाई नाही, टाका जरा जाड येतो, पण पाणी अडवतो. बिल रोलंडकडे पाठवलं, त्याने गुपचूप भरलं. डांबराचे तीन हात मी दिले. गोदीत पाणी सोडलं तेव्हा टॅमसिन आणि मी फळ्या काढून, विजेरी घेऊन, तासभर त्या पत्र्याकडे बघत बसलो. कोरडा ठणठणीत.

लॅपविंग आता वर डोंगरापलीकडे असते. एडनाने पंपाच्या खटक्यावर चिकटपट्टी मारून घेतली आहे, आपलाच आपल्यावर भरवसा नाही म्हणून.

रोलंडच्या मध्यस्थीने विकलेल्या आणखी दोन बोटी माझ्याकडे आल्या. एक ठीक होती. दुसरीचं काही सांगत नाही, पुन्हा डोकं फिरतं.

नाताळात ऑड्री मावशीने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं, आणि मुद्दाम समोरासमोर बसवलं. रोलंड सगळ्यांशी बोलत होता, हसत होता. त्याने भाजलेल्या बटाट्यांचं भांडं माझ्यापुढे केलं. हातावर वेल्डिंगचा ताजा चटका होता. कुठेतरी पुन्हा काम करतोय वाटतं. मी विचारलं नाही. बटाटे वाढून घेतले, भांडं मावशीकडे सरकवलं आणि जेवत राहिले.