छातीचा फोटो

“त्या दिवशी हललीस का गं?” डॉक्टर रकिया एजेंनी, म्हणजे रकियाताईंनी, फिल्म खिडकीच्या काचेला लावत विचारलं.

बुरुलचा दारातच उभी राहिली. शिफारसपत्र सही करून द्यायला बोलावलं असेल, अशा समजुतीने ती आली होती. टेबलावर ते पत्र होतंही. बिश्केकच्या वैद्यकीय विद्यापीठाचा अर्ज पिशवीत भरून तयार होता. राहिलं होतं हे पत्र आणि निरोगी असल्याचा दाखला.

“वरच्या बाजूला डाग दिसतोय,” रकिया एजे म्हणाल्या. “पॉलिक्लिनिकवाल्यांनी फिल्म आपल्याकडे धाडलीय. क्षयाचा नुसता वास आला, की दिलं ढकलून आपल्या दारात!”

बुरुलचाने चौकट घट्ट धरली. फिल्मवर नाव तिचं होतं, छाती तिची नव्हती.

नारीनच्या क्षयरोग रुग्णालयात ती नर्स होती. रोग्यांना धीर देण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण हिवाळ्यात तिला स्वतःला खोकला लागला आणि तिचं सगळं शहाणपण पळालं. खोकला गेला, भीती तेवढी राहिली. छातीचा फोटो म्हटला की तिचे हातपाय गार पडत. त्यातच विद्यापीठात डोंगरातल्या नर्सांसाठी राखलेली जागा यंदा निघाली होती आणि पुढच्या वर्षी ती निघेल असं कुणी छातीठोकपणे सांगेना. तेव्हा तिने आमच्या गावात सगळे करतात तेच केलं. आमच्याकडे दाखल्यासाठी रक्त एकाचं असतं, लघवी दुसऱ्याची आणि रांगेत उभा तिसराच. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही, नातं म्हणतात.

धाकटी बहीण सायरा तोंडावळ्याने अगदी तिच्यासारखी. “एवढंच ना, एजे?” ती हसून म्हणाली होती. “थंड पत्र्याला छाती टेकवायची आणि श्वास रोखायचा. सासरी रोज तेच तर करते!”

“अशी पांढरीफटक पडू नकोस,” रकिया एजे आता म्हणत होत्या. “त्यांचं यंत्र माझ्यापेक्षा म्हातारं आहे. चल, आपल्याकडे पुन्हा काढू.”

नाही म्हणायला तोंड उघडेना. पत्र्याला टेकून उभी असताना बुरुलचाला आपल्याच काळजाचे ठोके त्या पत्र्यातून ऐकू येत होते. फिल्म वाळेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. आपल्याही छातीत निघालं तर? आणि नाहीच निघालं तर?

“लख्ख!” रकिया एजे बाहेर आल्या त्या हसतच. “घोडीच्या दुधावर वाढलेली छाती ही! कुठला आलाय डाग? त्यांचं यंत्र आता भंगारात घालायला हवं.” त्यांनी पहिल्या फिल्मच्या पाकिटावर ‘यंत्रदोष’ असं लिहिलं, दाखल्यावर शिक्का मारला, पत्रावर सही केली आणि दोन्ही कागद तिच्या हातात कोंबले. “उद्या पहिल्या गाडीने जा. शेवटचा दिवस आहे, विसरशील. आणि डॉक्टरीण होऊन परत ये गं बाई, माझे गुडघे गेलेत आता.”

मागितलेलं सगळं हातात आलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. बोललं तर जागा जाणार, नोकरीही जाणार, आणि सायराची सासू काय करील याचा तर विचारही करवत नव्हता. रोगी सून त्या बाईने माहेरच्या दारी आणून सोडली असती. आणि न बोललं तर काय होतं, हे बुरुलचापेक्षा जास्त कुणाला माहीत होतं? ऐन थंडीत तिने सायराच्याच वयाच्या एका बाईची गादी मागच्या अंगणात नेऊन जाळली होती.

“एजे,” ती म्हणाली. “यंत्र बरोबर आहे. तो फोटो सायराचा आहे. माझ्या बहिणीचा.”

रकिया एजेंनी चष्मा काढला. त्यांनी ओरडावं, थोबाडीत मारावी, असं बुरुलचाला फार वाटलं.

“तिला लेकरू आहे ना?”

“हो. अंगावर पितंय अजून.”

त्यांनी बुरुलचाच्या हातातले दोन्ही कागद काढून घेतले, खणात ठेवले आणि खणाला कुलूप लावलं.

“चल,” त्या म्हणाल्या.

सायराच्या सासरची माणसं जनावरं घेऊन वरच्या कुरणांत गेली होती. घरी ती एकटीच होती. तिने दार उघडलं ते पोरीला कडेवर घेऊनच. डॉक्टरांना पाहून तिचा चेहरा फुलला.

“अगं बाई, तुम्ही स्वतः! म्हणजे झालं एजेचं काम! या, बसा. बोरसोक आत्ताच तळलेत, गरम आहेत.”

“सायरा,” बुरुलचा म्हणाली, “फोटोत डाग निघालाय.”

सायराचं हसू मावळलं. “तरी मी म्हणत होते! हिवाळाभर खोकत होतीस, कुणाचं ऐकशील तर...”

“मला नाही गं. माझा आज पुन्हा काढला. मी ठणठणीत आहे.”

“सुटले बाई!” सायरा अगदी मनापासून म्हणाली. “खुदाचे उपकार. मला वाटलं...”

ती तिथेच थांबली. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. पोरगी सवयीने आईच्या तोंडात बोटं घालून खेळत होती. सायराने ती बोटं एकेक करून बाहेर काढली, आपल्या झग्याला पुन्हा पुन्हा पुसली. मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि हात लांब करून पोरीला बहिणीपुढे धरलं.

“घे हिला,” ती म्हणाली.