सिमसिमसाठी नंबर

आमची भिशी दहा जणींची, दरमहा प्रत्येकीचे हजार इजिप्शियन पौंड. वही माझ्याकडे असते. या महिन्याचा नंबर बुसैनाचा होता.

(कोंबडीचे पाय, किलो: चाळीस.)

हा खर्च भिशीच्या वहीतला नाही. चौथ्या मजल्यावरची इन्साफ सांगत होती. नवरा गेल्यापासून घरात ती आणि तिची कुत्री, सिमसिम. एका किलोत कुत्रीचे दोन दिवस निघतात.

(इंजेक्शन: साडेतीनशे. लागू पडलं नाही.)

"सिमसिमच्या गर्भाशयात पू झालाय," इन्साफ मला म्हणाली. "उद्यापर्यंत ऑपरेशन नाही झालं तर जाईल. नऊ हजार सांगितलेत. उम्म वगदी, माझा दहावा नंबर आत्ता मिळेल का गं?"

लग्न, बाळंतपण, मयत. एवढ्यासाठी आम्ही नंबर बदलतो. कुत्र्यासाठी कधीच नाही.

बुसैना उसळली. "ईदनंतर माझ्या रीमचं लग्न! वॉशिंग मशीन आज नाही घेतलं तर दहाव्या महिन्यात त्याच पैशांत बादली येईल."

"वरचा फरक मी भरेन."

"कशातून? शिवणातून? आधी कुत्रीचे लाड आवर."



खरंखोटं करायला बुसैना वर गेली, मी मागोमाग. दारातच तिने झगा घोट्याच्या वर धरला. लाळ लागली की नमाजाआधी सगळं धुणं आलं. सिमसिम मोरीपाशी पडली होती. तिने शेपूट एकदा फरशीवर आपटली. उठता आलं नाही.

"एरवी जिन्यात भुंकून जीव खाते," बुसैना म्हणाली. "आज गप्प का मेली?"

बोलली आणि जीभ चावली.

जिना उतरताना तिने मला विचारलं, "साधं मशीन केवढ्याला गं? हाताने पिळायचं?"

"चार हजार."

"मग मला चार दे, हिला सहा. माझे सहा हिच्या नंबरातून घेईन."

"आणि रीम?"

"रुसेल. हात आहेत ना तिला, पिळेल."

इन्साफकडे स्वतःचे हजार होते. तरी नऊला दोन हजार कमी.

(टॅक्सी: कुत्री पाहून दुप्पट.)

दवाखान्यात बुसैना डॉक्टरच्या टेबलापाशी उभी राहिली, ती सातावर आणूनच बसली. "बेटा, म्हातारीची लेक आहे ती," असंही म्हणाली. झगा धरायचं विसरली होती.

दीड तासाने सिमसिमला बाहेर आणलं. जीभ लोंबत होती, पोट वरखाली होत होतं. सलाईन टांगायला खुंटी नव्हती. इन्साफने बाटली उंच धरली, पण सिमसिमला कुरवाळायला वाकली की बाटलीही खाली यायची.

"तू खाली बस तिच्याजवळ," बुसैनाने बाटली काढून घेतली. "मी धरते."