बाहीवरचा पिवळा धागा

मी दुसऱ्या संघाचा बॉल बोलतोय. बॉल बॅडमिंटनचा, पिवळ्या लोकरीचा, लिंबाएवढा. उसळी मारणं मला जमत नाही. मला हवेतच टोलवायचं. जमिनीवर पडलो की गुण गेला.

कुंभकोणमच्या एका शाळेनं मला घेतलं तेव्हा मी घट्ट, गुळगुळीत होतो. पहिल्या संघानं दोन महिने मनसोक्त बडवलं. लोकर पिंजली, तसा मला दुसऱ्या संघाच्या पिशवीत टाकलं. तिथं सगळंच उतरलेलं. रॅकेटच्या तारा सैल, जाळ्याला गाठी. मुलीही स्वतःला तशाच समजायच्या, याचा मला फार राग यायचा.

काल पहिल्या संघातली एक मुलगी तापानं फणफणली आणि दुसऱ्या दिवशी तिरुविडैमरुदूरला सामना. विजयराघव सर म्हणाले, हरिणी आणि नित्या, पाच-पाच जणींच्या बाजू करून खेळा, जिची बाजू जिंकेल ती उद्या जाईल. दोघी आमच्या दुसऱ्या संघातल्या, चुलत बहिणी, घरी तंजावरकडची जुनी मराठी, मैदानावर तमिळ. हरिणी बारावीत. पाच वर्षं दुसऱ्या संघात काढलेली, आणि हे शेवटचं.

चौतीस-चौतीस झाले. आता एकच गुण. माझी लोकर घामानं जड झाली होती. नित्यानं मला जोरात मारलं. मी हरिणीच्या बाहीला घासून रॅकेटवर गेलो, तिनं परतवलं आणि मी नित्याच्या पायाशी पडलो.

सरांनी हरिणीकडे हात केला. अंगाला लागलेला बॉल म्हणजे चूक, पण ते त्यांना दिसलंच नव्हतं. मला वाटलं, माहीत आहे ते फक्त मला, आणि मला कोण विचारतो?

मग हरिणीनं बाही पाहिली. तिथं माझा धागा चिकटला होता. नवा असतो तर चिकटला नसता. तिनं तो मुठीत धरला. मूठ उघडू नकोस, असं मला वाटलं. खरं सांगतो, वाटलं.

नित्या जाळ्याशी आली. तिनं पाहिलं होतं.

"अक्का, सांगू नको," ती हळूच मराठीत म्हणाली. "मज पुढचें वर्ष आहे. तुज नाही."

मैदानावर ते दुसऱ्या कुणालाच कळलं नाही. सर वहीत नाव लिहायला लागले होते. हरिणी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाली, "सर, बॉल मला लागला."

सरांनी नाव खोडलं.

आज सकाळी नित्या गेली. जाताना तिनं तो धागा मागून घेतला आणि स्वतःच्या बाहीला आतून पिननं लावला. म्हणजे माझा एक धागा पुन्हा पहिल्या संघात गेला.

इकडे हरिणी रिकाम्या मैदानावर एकटीच मला रॅकेटवर वर उडवतेय. डोळे पुसायलाही हात खाली घेत नाही. पोरी, मी विरलोय, फार दिवस पुरणार नाही. पण जमेल तितका वेळ मला खाली पडू देऊ नकोस.